पहिलं महागडं घड्याळ घेताय? आधी घड्याळ नाही, विकणारा बघा

मागच्या महिन्यात रात्री अकरा वाजता परतूरच्या मित्राचा मेसेज आला. सोबत इन्स्टाग्रामवरचा एक फोटो. निळ्याशार डायलचं ओमेगा, १९६० च्या दशकातलं, 'शंभर टक्के ओरिजिनल', किंमत फक्त ३८ हजार. खाली मित्राचा प्रश्न, "पाच हजार आगाऊ पाठवू का? शेवटचा पीस आहे म्हणतोय."

मित्राचं कृषी सेवा केंद्र आहे. दोन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला काढून त्याला आयुष्यातलं पहिलं भारी घड्याळ घ्यायचं होतं. आम्ही फोटो मोठा करून बघितला. केस झिजलेली, कडा घासलेल्या, पण डायल मात्र कोरी करकरीत. साठ वर्षांचं घड्याळ आणि डायलवर एक डाग नाही? बिल मागितलं तर विकणारा म्हणाला, "जुन्या घड्याळाचं कसलं बिल?"

पैसे वाचले. पण पहिल्यांदा महागडं घड्याळ घेणाऱ्या प्रत्येकाला इथं थांबून काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

'मुंबई स्पेशल' म्हणजे काय?

जगभरातले घड्याळांचे शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नाव ऐकून खूश होऊ नका, ही शिवी आहे. जुन्या घड्याळाची खराब डायल नव्याने रंगवायची, दोन-तीन घड्याळांचे भाग जोडून एक बनवायचं आणि 'व्हिंटेज' म्हणून ऑनलाइन विकायचं, असा हा प्रकार. सिको, एचएमटी, फावर-लुबा अशा नावांची घड्याळं यात जास्त दिसतात.

याला मुंबईचंच नाव का चिकटलं? कारण या शहरात घड्याळांचा धंदा जुना आहे. वेस्ट एंड वॉच कंपनी, फावर-लुबा ही स्विस नावं एकोणिसाव्या शतकातच मुंबईत आली. पुढे १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बेंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. आयातीवर बंधनं होती, सुटे भाग सहज मिळत नव्हते. त्यामुळे आपले कारीगर जुन्यातून नवं उभं करायला शिकले. डायल रंगवणं ही तेव्हा दुरुस्ती होती. तीच गोष्ट न सांगता केली, की फसवणूक होते.

लाखाचं घड्याळ वेळ जास्त अचूक दाखवतं का?

नाही. उलट कमी अचूक दाखवतं.

पाचशे-हजार रुपयांच्या घड्याळात क्वार्ट्झ असतं. बॅटरीवर चालणारा हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यामुळे साधं क्वार्ट्झ घड्याळसुद्धा महिन्याला साधारण १५ सेकंद इकडेतिकडे होतं. मेकॅनिकल घड्याळ स्प्रिंगवर चालतं. स्वित्झर्लंडमध्ये अचूकतेचं अधिकृत प्रमाणपत्र मिळवणाऱ्या मेकॅनिकल घड्याळालाही दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते.

जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सिकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विकायला काढलं. त्यानंतरच्या दशकात स्वस्त क्वार्ट्झने स्विस उद्योगाचं कंबरडं मोडलं. जे टिकले त्यांनी घड्याळ वेळ बघायला विकणं सोडलं आणि कारागिरी, परंपरा, रुबाब विकायला सुरुवात केली. आज तुम्ही पैसे देता ते त्यासाठी. यात वाईट काही नाही, फक्त कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

मग किंमत एवढी का?

कारागिरी आणि नावासोबत किमतीत करही असतो. घड्याळावर १८ टक्के जीएसटी आहे. बाहेरून आलेल्या घड्याळावर आयात शुल्क वेगळं. भारताने स्वित्झर्लंडसह चार देशांच्या गटाशी केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने काढलं जाणार आहे. म्हणजे घाई नसेल तर थांबण्यातही फायदा असू शकतो. पण शुल्क कमी झालं म्हणून कंपनी किंमत तेवढीच उतरवेल याची हमी नाही.

१० लाखांपेक्षा महाग घड्याळ घेतलं तर एप्रिल २०२५ पासून दुकानदार १ टक्का टीसीएस घेतो. हा पैसा बुडत नाही, आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. आणि दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीने घेणं विकणाऱ्याला कायद्याने चालत नाही. "कॅश द्या, बिल नको, स्वस्तात देतो" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा.

घेण्याआधी काय तपासायचं?

पहिलं म्हणजे दुकान. कंपनीच्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते. 'ग्रे मार्केट'मध्ये घड्याळ अस्सल असू शकतं, पण कंपनीची वॉरंटी लागू होईलच असं नाही.

दुसरं, कागद. बिलावर आणि वॉरंटी कार्डवर घड्याळाचा सीरियल नंबर, तारीख आणि विक्रेत्याचं नाव हवं. घड्याळावरचा नंबर कार्डाशी दुकानातच जुळवून बघा.

तिसरं, 'स्विस मेड' शब्द. २०१७ पासूनच्या नियमानुसार उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असेल तरच हा शिक्का मारता येतो. म्हणजे उरलेलं बाहेरचं असू शकतं.

चौथं, पाणी. '३० मीटर' लिहिलंय म्हणजे विहिरीत उडी मारता येते असं नाही. हात धुताना उडणारं पाणी सोसेल, इतकंच. पोहायचं असेल तर किमान १०० मीटरचं बघा.

पाचवं, आपलं हवामान. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. घामाने चामड्याचा पट्टा लवकर खराब होतो, स्टीलचा टिकतो. मेकॅनिकल घड्याळ स्पीकर किंवा चुंबकाजवळ ठेवू नका, ते पुढे पळायला लागतं.

सहावं, 'गुंतवणूक' हा शब्द. काही मोजक्या मॉडेल्सचे भाव वाढतात हे खरं. पण २०२२ च्या सुरुवातीला जुन्या महागड्या घड्याळांचे भाव शिखरावर गेले आणि नंतर घसरले. बहुतेक घड्याळं दुकानाबाहेर पडताच सेकंड हँड होतात आणि त्यांचा भाव उतरतो. पैसे वाढवायचे असतील तर दुसरे मार्ग आहेत.

तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने एक प्रश्न आधी विचारावा

"बिघडलं तर कुठं न्यायचं?"

मेकॅनिकल घड्याळाला काही वर्षांनी सर्व्हिसिंग लागतंच. पूर्ण उघडून, साफ करून, तेल घालून पुन्हा जोडावं लागतं. महागड्या ब्रँडचं हे काम कंपनीच्या केंद्रात होतं. परतूरहून घड्याळ आधी मोठ्या शहरात, तिथून पुढे मुंबईला, असा प्रवास असू शकतो. त्यात आठवडे जातात आणि खर्च काही हजारांत जातो. हा खर्च बजेटमध्ये धरलाच पाहिजे.

मित्र नंतर रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला गेला. अधिकृत दुकानात त्याने हाच प्रश्न विचारला, चार घड्याळं मनगटावर घालून बघितली आणि काही न घेता परत आला. पंधरा दिवसांनी पुन्हा गेला आणि ३८ हजारांच्या आतलं एक जपानी ऑटोमॅटिक घेऊन आला, बिल आणि कार्डासकट.

जुन्या घड्याळाची हौस मात्र गेली नव्हती. घरात वडिलांचं एचएमटी कपाटात बंद पडून होतं. परतूरच्या बाजारात एक म्हातारे घड्याळजी बसतात, त्यांनी ते दोन दिवसांत चालू करून दिलं. "डायल रंगवून देऊ का, नवी दिसेल," असं त्यांनी विचारलं. मित्र नको म्हणाला. डाग तसेच आहेत.