किल्ल्यातली विद्वत्सभा

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव निघाले की जवाहरलाल नेहरूंचे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे एकच पुस्तक बहुतेकांना आठवते. भिंतींआडचा एकाकी कैदी आणि त्याच्या लेखणीतून उतरलेला ग्रंथ असे चित्र त्यातून उभे राहते, पण ते अपुरे आहे. ९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि नेहरू, आझाद, पटेल यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर' ही उर्दू पत्रे इथलीच. हरेकृष्ण महताब यांनी ओडिशाचा इतिहास इथेच लिहिला. प्रफुल्लचंद्र घोष प्राचीन भारतीय संस्कृतीच्या इतिहासात गढले होते, आचार्य नरेंद्र देव वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'त आणि पट्टाभी सीतारामय्या आपल्या टिपणांत. एका तुरुंगातून एवढे ग्रंथ निघाले, याचे श्रेय एकांताइतकेच सहवासालाही द्यायला हवे.

पुरावा नेहरूंच्याच ग्रंथात आहे. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी जवळपास हजार पाने हाताने लिहिली. प्रस्तावनेत त्यांनी आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचे ऋण नावानिशी मान्य केले आणि ग्रंथही किल्ल्यातल्या सोबत्यांनाच अर्पण केला. हा केवळ शिष्टाचार नव्हता. नरेंद्र देव संस्कृत, पाली आणि फ्रेंच जाणत, आझादांची अरबी-फारसीची बैठक पक्की होती, घोष यांनी रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती आणि खुद्द नेहरू केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकलेले. बौद्ध तत्त्वज्ञान, प्राचीन गणित, चिनी प्रवाशांची वर्णने, अरब-इराणशी आलेला संबंध हे सारे विषय एकाच पुस्तकात येतात. शंका आली तर विचारायला जाणकार शेजारच्याच खोलीत होता, ही सोय मोठ्या ग्रंथालयातही सहसा मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल, टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेत एकट्यानेच लिहिले की! खरे आहे. पण ते एका ग्रंथाचे, एका शास्त्राच्या खोलात शिरणारे भाष्य होते. अनेक शास्त्रांना स्पर्श करणाऱ्या लेखनाची गरज वेगळी असते. शिवाय एकट्याच्या चिंतनालाही श्रोता लागतो. महाराष्ट्रातच १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने झाली. ती आज आपल्या हाती आहेत, कारण समोर बसून साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आझादांची पत्रे एकांतात, भल्या पहाटे लिहिलेली, हेही खरे. एप्रिल १९४३मध्ये पत्नी कलकत्त्यात वारली, तेव्हा ते किल्ल्यातच होते. तरीही मनातले मांडायला त्यांना हबीबुर्रहमान खान शेरवानी हे समोर नसलेले स्नेही लागले. पत्रे टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही त्यांनी श्रोता सोडला नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हे सरकारचे खास कैदी होते. पुस्तके, कागद आणि सवड सामान्य सत्याग्रह्याच्या वाट्याला अशी येत नसे. बाहेर १९४३चा बंगालचा दुष्काळ माणसे गिळत होता. शिवाय या बारा जणांत स्त्री नव्हती, दलित नव्हता, शेतात राबणारा कुणी नव्हता. हा आक्षेप मान्यच करायला हवा, पण त्याने मूळ मुद्दा खोडला जात नाही, उलट बळकट होतो. चर्चेने ज्ञान वाढते हे पटले, तर चर्चेला कोण बसले नव्हते यावरून त्या ज्ञानाची मर्यादाही ठरते. वेगवेगळ्या शास्त्रांची आणि भाषांची माणसे होती म्हणून या सभेचा आवाका वाढला. वेगवेगळ्या थरांतली नव्हती म्हणून तो एका जागी अडला.

म्हणून या किल्ल्याचे मोल नेहरूंच्या खोलीपुरते मानणे चूक ठरेल. त्या सभेचा धडा आजही लागू आहे. किल्ल्याच्याच जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, नगर शहरात जुनी महाविद्यालये आणि ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. पाणी आणि दुष्काळ हा इथला प्रश्न एकट्या मृदाशास्त्रज्ञाचा नाही, तसा एकट्या इतिहासकाराचाही नाही. विहिरीचा तळ रोज पाहणाऱ्या बाईचे म्हणणेही त्यात हवे. बारा जणांना एकत्र बसवायला परकीय सरकारचे कुलूप लागले. आपल्याला तशी सक्ती नाही, त्यामुळे न बसण्याची सबबही नाही.