‘काच फुटली’ की ‘काच मी फोडली’? किशोरकथेतलं धाडस शब्दांत कसं दिसतं

वर्गाची काच फुटलेली आहे. सर विचारतात, “कोणाचं काम?” एक मुलगा मान खाली घालून म्हणतो, “सर, काच फुटली.” दुसरा उभा राहतो, “सर, काच मी फोडली.”

घटना एकच, पण पहिल्या वाक्यात करणारा गायब आहे, दुसऱ्यात तो समोर उभा आहे. लेखकाने ‘मुलगा धाडसी होता’ असं कुठेही लिहिलं नाही, तरी वाचकाला ते कळलं. कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या चांगल्या कथांमध्ये धाडस असंच दिसतं: विशेषणांतून कमी, क्रियापदांतून जास्त.

मुखपृष्ठावर मोठे शब्द, आत छोटे

मराठीतलं घरोघरी माहीत असलेलं उदाहरण म्हणजे फास्टर फेणे. त्याचे निर्माते भा. रा. भागवत यांचा जन्म १९१० सालचा, तोही इंदूरचा. या मालिकेतल्या पुस्तकांच्या नावांत ‘बालबहाद्दर’, ‘जवानमर्द’ असे दणदणीत शब्द आहेत. पण फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला हा बनेश फेणे अंगाने किडकिडीत. ताकद दाखवावी असं त्याच्याकडे काही नाही. त्याची ओळख आहे ती वेगाची आणि जिभेने काढलेल्या ‘ट्टॉक’ या आवाजाची. लांबलचक भाषणापेक्षा हा एक आवाज वाचकाला जास्त सांगतो: पोराचं डोकं चालू आहे, ते गडबडलेलं नाही.

भीती कबूल करणारा शब्द

‘मला भीतीच वाटत नाही’ म्हणणारं पात्र बहुतेक वेळा फुशारकी मारत असतं. ‘पाय लटपटतायत, पण जातो’ म्हणणारं पात्र खरं वाटतं. ‘श्यामची आई’मधला श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून आई कठोर होते. तो पाण्यात उतरतो तेव्हा त्याची उडी मोठी वाटते, कारण आधीची भीती साने गुरुजींनी झाकलेली नाही. या वाक्यांमधला ‘पण’ हा शब्द लहान दिसतो, तरी धाडस नेमकं तिथेच सुरू होतं.

नाव घेण्याची हिंमत

गावाकडे रात्री सापाला ‘साप’ म्हणत नाहीत, ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात. नाव घेतलं की तो येईल, ही भीती. हॅरी पॉटरच्या जगातही असंच आहे. मोठमोठे जादूगार व्हॉल्डेमॉर्टचं नाव टाळतात, आडून बोलतात. हॅरी मात्र ते सरळ उच्चारतो. तलवार उपसण्याआधीच तो इतरांपेक्षा वेगळा ठरतो, तो फक्त एका नावामुळे.

‘तुम्ही’ न सोडता नकार

मराठीत आणखी एक सोय आहे: तू आणि तुम्ही. चिडलेलं पात्र मोठ्यांना अरेतुरे करतं, त्यात राग दिसतो. पण “काका, तुम्ही हे चुकीचं करताय, मी येणार नाही,” असं म्हणणाऱ्या मुलीने आदर राखला आणि माघारही घेतली नाही. ‘कुणीतरी सांगायला हवं’च्या जागी ‘मी सांगते’ आलं, की कथा वळण घेते.

घरच्या मराठीचं बळ

बेळगाव, वडोदरा किंवा हैदराबादेत अनेक मुलांची शाळेची भाषा वेगळी असते आणि मराठी मुख्यतः घरात कानावर पडते. अशी मुलं मराठीत गोष्ट लिहायला बसली की ‘शौर्य’, ‘पराक्रम’, ‘निर्भय’ असे जड शब्द आपल्याला येत नाहीत म्हणून बिचकतात. खरं तर त्यांची गरज नसते. ‘थांब’, ‘मी जाते’, ‘चूक माझी’, ‘सोड त्याला’ हे शब्द त्यांच्याकडे आहेतच, आणि धाडसी पात्राला तेवढे पुरतात.

मुलांनी लिहिलेली गोष्ट तपासताना पालकांनी, शिक्षकांनी एक साधी गोष्ट करून बघावी. ‘शूर’, ‘धाडसी’ हे शब्द खोडायचे आणि विचारायचं: आता तो शूर आहे हे कशावरून कळतं? उत्तर सापडलं, तर गोष्ट जमली.