आजोबांच्या डेस्कवर माझा लॅपटॉप

‘‘ते डेस्क? वाकडला नेतेयस? अगं, भंगारवाला त्याचे दोनशेच्या वर देणार नाही!’’

फोनवर बाबांचा आवाज एकदम चढला. शनिवार पेठेतला आमचा वाडा गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंटला गेला. माळ्यावरच्या सामानाची वाटणी चालली होती. काकूने तांब्याचा बंब उचलला, आत्तेभावाने घड्याळ. उरलं ते हे. अडीच फूट रुंद, जेमतेम फूटभर उंच, उतरत्या झाकणाचं बैठं डेस्क. पेढीवर गादीला टेकून बसलेले दिवाणजी जुन्या सिनेमात ज्याच्यावर हिशेब लिहितात ना, अगदी तस्संच. फक्त आमच्या डेस्कला अंगभर बाटलीच्या रंगाचा हिरवा ऑइलपेंट फासलेला. दिसायला इतकं भीषण, की काकू म्हणाली, ‘‘बाथरूममध्ये पाटासारखं वापर!’’

पण मला टेबल हवंच होतं. आठवड्यातले दोन दिवस घरून काम. त्या दोन दिवसांसाठी डायनिंग टेबलवर लॅपटॉप, शेजारी वरणाचं पातेलं, आणि व्हिडिओ कॉलवर मागून कुकरच्या शिट्ट्या! ऑनलाइन मागवलेलं आधीचं टेबल दोन पावसाळ्यांत फुगलं होतं. तुमच्याकडेही असेलच एखादं. वर छान अक्रोडी डिझाइन, आत लाकडाचा भुसा आणि गोंद. कडेची पट्टी निघाली, की पाणी आत शिरतं, भुसा फुगतो आणि स्क्रू ढिले होतात. ते परत आवळता येत नाहीत, कारण आवळायला आत लाकूडच नसतं. त्या टेबलाचे मी साडेआठ हजार मोजले होते हे बाबांना अजून माहीत नाही.

तर डेस्क बाल्कनीत आलं. मी यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहिले, सँडर भाड्याने आणला, सगळ्यात जाड कागद लावला आणि शनिवारी सकाळी केली की सुरुवात! दहा मिनिटांत मी, तुळस आणि शेजारच्यांचे टॉवेल, सगळे हिरवे.

नशिबाने त्याच दिवशी किचनच्या ट्रॉलीसाठी मिस्त्री यायचे होते. त्यांनी दारातूनच हात जोडले. ‘‘ताई, बंद करा ते. जुना ऑइलपेंट असा कोरडा घासायचा नसतो.’’ त्यांचा मुद्दा धुळीचा होता. मी नंतर वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आली. त्याआधीचा रंग असेल तर त्याची धूळ आणि खास करून लहान मुलं एका खोलीत नकोत. हीट गनने तापवून काढणंही नको, त्याची वाफ आणखी वाईट. रिमूव्हर लावायचा, रंग सुरकुतला की बोथट पट्टीने ओला असतानाच खरवडायचा, खरवड पिशवीत बांधायची. हातात जाड ग्लोव्हज आणि चांगला मास्क हवाच, खिडक्याही उघड्या. मी पातळ ग्लोव्हज घातले होते. मनगटावर रिमूव्हरचा एक थेंब पडला. अजून डाग आहे.

मिस्त्रींनी डेस्क उलटं केलं. तळाशी रंग नव्हता. तिथे पटाशीने जरासं खरडलं आणि वास घेतला. ‘‘सागवान आहे. अन् हे बघा, कोपऱ्याला खिळा नाही.’’ दोन फळ्या एकमेकींत बोटं गुंतवल्यासारख्या अडकवलेल्या. मी लगेच विचारलं, ‘‘बर्मा टीक?’’ ते हसले. पुण्यात कुठलंही जुनं लाकूड दाखवा, मालक बर्मा टीकच सांगतो. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. 1937 पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता आणि तिकडचा साग मुंबई बंदरात उतरायचा. 2014 मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यातच बंद केली. पण साग चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातही उत्तम होतो. आमचं डेस्क कुठलं, ते त्यालाच ठाऊक.

तुमच्या घरातल्या जुन्या कपाटावर खर्च करावा का, हे ठरवायची त्यांची पद्धत मला फार आवडली. एक, उचलून बघा. दोन, कडेला बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर सलग लाकूड, कडेपाशी तुटत असतील तर वर नुसती पातळ सालपट. तीन, बारीक भोकं असतील तर खाली काळा कागद पसरून आठवडाभर थांबा. कागदावर ताजा भुगा पडला, तर किडा अजून आत जेवतोय. आधी त्याचा बंदोबस्त, मग पॉलिश. भुगा नाही पडला तर भोकं जुनी, खुशाल बुजवा.

हिरवा रंग उतरायला तीन रविवार लागले. दुसऱ्या रविवारी बाबा आले. सोफ्यावर बसून पेपर वाचायचं नाटक करत होते. मी सहज म्हटलं, ‘‘कुणी फासलाय हो हा रंग? चार-चार हात दिलेत!’’

‘‘मी.’’

मी पट्टी खाली ठेवली.

आजोबा भवानी पेठेत एका भुसार आडतीवर दिवाणजी होते, एवढं मला माहीत होतं. 1972 च्या दुष्काळात ती आडत बसली हे माहीत नव्हतं. शेवटचे तीन पगार थकले होते. शेठकडे द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी आजोबांना त्यांचं डेस्कच दिलं. आजोबा ते हातगाडीवर घालून भर दुपारी पेठेतून घरी घेऊन आले. बाबा तेव्हा दहावीत. ‘‘अख्ख्या वाड्याला कळलं ना, पगाराऐवजी काय मिळालं ते,’’ बाबा पेपरात बघतच म्हणाले. त्या मे महिन्यात वाड्याच्या खिडक्या रंगवून झाल्यावर उरलेला डबा त्यांनी डेस्कवर ओतला. पेढीवरचं डेस्क आहे हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

‘‘आजोबा काय म्हणाले?’’

‘‘काही नाही. वाळल्यावर त्यावरच बसून शिकवण्यांच्या वह्या तपासायला लागले.’’

मला पुढचं काही विचारता आलं नाही. खरं सांगायचं तर मी ते डेस्क पांढरं करणार होते. चॉक पेंट मारायचा, कडा मुद्दाम झिजवायच्या, सध्या सगळीकडे दिसतो तो ‘शॅबी’ लूक. रंगाचा डबा आणूनही ठेवला होता. आता त्याच डेस्कवर दुसऱ्यांदा रंगाचा डबा उघडायचा माझा हात होईना.

झाकणाच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद डकवलेला होता. ओल्या फडक्याने भिजवून काढला तर खाली शाईचे काळे-निळे डाग, आणि मधोमध चार ओळी मोडीत! मला मोडी येत नाही, बाबांनाही नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मावशीला फोटो पाठवला. रात्री उत्तर आलं. तूर इतकी पोती, गूळ इतक्या भेल्या, आणि शेवटी ‘छत्री दुरुस्ती’. बस्स. मिस्त्री म्हणाले, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने शाईचे डाग जातात, करू का? मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘‘आतल्या बाजूला आहे. कोण बघतंय?’’ आम्ही ते तसंच ठेवलं.

मग घासकाम. 80 नंबरचा कागद, मग 120, 180, 220, आणि कायम रेषांच्या दिशेनेच. आडवा कागद फिरवला, की ओरखडा पॉलिशखाली दुप्पट उठून दिसतो. माझ्या सँडरची गोल नक्षी हाताने काढायला मिस्त्रींचा अर्धा दिवस गेला. एक अजून उरलीय, संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की दिसते.

पॉलिशवाल्या काकांनी मात्र ऑगस्टमध्ये हात लावायला साफ नकार दिला. ‘‘पाऊस जाऊ दे. पॉलिश पांढरं पडतं.’’ स्पिरिट भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि चमक धुरकट होते. दसरा उलटल्यावर ते बोहरी आळीतून चपडा लाख घेऊन आले. लाखेचे किडे पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर राळ सोडतात. त्यात आपल्याकडे झारखंड आघाडीवर. लिटरभर स्पिरिटला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डब्यात काळपट पडतो. आणि बरणीच्या आसपास गॅस, उदबत्ती काही नको. कापसाची पुरचुंडी, वर जुनं मलमलचं फडकं, आणि पातळ हात. एक वाळला की दुसरा. अठरापर्यंत मी मोजले.

पीयू का नाही? पीयू दणकट, त्यावर गरम कप ठेवा, पाणी सांडा, फरक पडत नाही. पण तो खराब झाला, की सगळा खरवडून नव्याने. लाखेचं पॉलिश नाजूक. चहाच्या कपाचं पांढरं कडं उमटतं. पण नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. दर दोन-तीन वर्षांनी काकांना बोलवायचं, एवढंच. घरात लहान मुलं आणि सांडलवंड असेल तर मी तुम्हाला पीयूच सुचवेन.

उंचीसाठी मिस्त्रींनी पाडलेल्या वाड्याच्या वाशांतून वेगळा स्टँड बनवला. डेस्कला एकही स्क्रू नाही, ते नुसतं वर बसतं. स्टँड पुढे नऊ इंच जास्त, तिथे कीबोर्ड. उतरत्या झाकणावर लॅपटॉप, आणि तो घसरू नये म्हणून खालच्या कडेला पट्टी लागणार होती. ती आधीपासूनच होती, टाक घरंगळू नयेत म्हणून. दौतीच्या भोकातून चार्जरची वायर बरोब्बर जाते! मजुरी, लाकूड, पॉलिश धरून सगळा खर्च अकरा हजार. स्वस्त नाही. फुगलेल्या टेबलापेक्षा अडीच हजार जास्तच.

नोव्हेंबरात बाबा हयातीच्या दाखल्याचा फॉर्म घेऊन आले. मी मीटिंगमध्ये होते. बाहेर आले तर लॅपटॉप कॉटवर, स्टँड भिंतीला टेकवलेला, आणि डेस्क जमिनीवर. मागे भिंतीशी उशी लावून बाबा मांडी घालून बसले होते, चष्मा नाकावर, फॉर्मवर वाकलेले.

‘‘अगं, निळं पेन आहे का? काळं चालत नाही म्हणतात.’’