खिशातला वैद्य – भाग ९ : गप्प बसायला शिकणारं अ‍ॅप

मागच्या भागात ‘हार्टस्टेप्स’बद्दल लिहिलं होतं. ‘उठा, जरा चालून या’ असं सुचवायची संधी त्या अ‍ॅपला दिवसातून पाच वेळा मिळायची. सुरुवातीला लोक खरंच उठले. पुढे पुढे तीच सूचना आली की फोन पालथा घालू लागले. निरुपद्रवी चालण्याच्या बाबतीत ही तऱ्हा असेल, तर रोज गांजा ओढणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला त्याच्याच फोननं टोकायला सुरुवात केली तर काय होईल? तो दोन दिवसांत अ‍ॅप उडवून मोकळा होईल.

हे गृहीत धरूनच अमेरिकेत ‘मायवेव्ह्ज’ नावाचं अ‍ॅप तयार झालं. मिशिगन विद्यापीठातले व्यसनांवर काम करणारे संशोधक आणि हार्वर्डच्या संख्याशास्त्रज्ञ सुसान मर्फी यांचा गट अशी ही जोडी. २०२४च्या वसंत ऋतूत, १८ ते २५ वयाच्या आणि नियमित गांजा ओढणाऱ्या सुमारे १२० जणांनी ते तीस दिवस वापरलं.

असे तरुण किती असतील? अमेरिकेत दरवर्षी होणाऱ्या एका मोठ्या पाहणीनुसार २०२१ मध्ये १९ ते ३० वयोगटातले ११ टक्के लोक ‘रोज’ या वर्गात मोडत होते, म्हणजे महिन्यात वीस किंवा त्याहून जास्त वेळा ओढणारे. यातल्या बहुतेकांना आपण कुणाचे रुग्ण आहोत असं वाटत नाही. कामावर जातात, कॉलेजचे पेपर देतात, भाडं भरतात. गांजाचं व्यसन सोडवायला म्हणून मान्यता मिळालेलं औषधही तिथे नाही, तेव्हा ‘डॉक्टरकडे जा, गोळी घे’ हा मार्ग बंदच. उरतं ते बोलणं, आणि बोलायला हा मुलगा दवाखान्यात येत नाही.

त्याच्या हातातली वस्तूही बदलली आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५च्या सुमारास टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, चार टक्क्यांच्या आसपास सापडायचं. आता ते पंधरा टक्क्यांवर गेलंय. एका जॉइंटमध्ये सरासरी ०.३२ ग्रॅम गांजा भरलेला असतो असा अंदाज आहे. गुणाकार करून पाहा : तेव्हा जवळपास १३ मिलिग्रॅम, आता ४८. बरंचसं जळून, हवेत विरून जातं हे खरं, पण ते तेव्हाही जायचंच. ‘आमच्या वेळीही पोरं ओढायची, काही झालं नाही’ म्हणणाऱ्या काकांनी हा हिशेब एकदा करावा.

जॉइंट मोजून काही कळत नाही, ही संशोधकांचीही अडचण होती. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय औषध-दुरुपयोग संस्थेनं २०२१ मध्ये संशोधनासाठी पाच मिलिग्रॅम टीएचसी हे एक प्रमाण एकक ठरवून टाकलं. दारूच्या पेगसारखं. घरी जॉइंट वळणाऱ्याला अर्थातच त्याचा पत्ता नसतो.

आता या मुलाची रात्र पाहू. झोप येत नाही म्हणून तो झोपण्याआधी ओढतो. कधीतरी मनावर घेतो आणि बंद करतो. मग एक ते तीन दिवसांत चिडचिड सुरू होते, जेवण जात नाही, झोप उडते, लागलीच तर भलभलती ठसठशीत स्वप्नं पडतात. पहिल्या आठवड्यात हे सगळं शिगेला पोचतं आणि साधारण दोनेक आठवड्यांत बरंचसं ओसरतं. पण तो दोन आठवडे थांबत नाही. चौथ्या रात्री छताकडे बघत तो ठरवतो की आपल्याला झोपेसाठी गांजा लागतोच, आणि पुन्हा ओढतो. झोप लागते. त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं सिद्ध झालं! ही झोपमोड गांजा सुटत असल्याची खूण आहे, हे त्याला त्या रात्री कोण सांगणार? समुपदेशकाची वेळ पुढच्या मंगळवारची असते. मेंदूतल्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टर्सवर) टीएचसी जाऊन बसतं, ते रोजच्या माऱ्यानं कमी झालेले असतात आणि बंद केल्यावर महिनाभरात बरेचसे भरून येतात. हे त्याला आदल्या दिवशी कळलं असतं तर निदान त्यानं अजून एक रात्र काढली असती.

बोस्टनच्या बालरुग्णालयात लिडिया श्रायर यांनी ही फट आधीच हेरली होती. त्यांच्या ‘मोमेंट’ या कार्यक्रमात आधी समुपदेशकाशी समोरासमोर दोन बैठका, मग दोन आठवडे फोन विचारत राहायचा : आत्ता कुठे आहेस, कुणाबरोबर, तलफ किती? तलफ कशानं येते हे त्या तरुणानंच आधी सांगून ठेवलेलं असे, आणि तसा प्रसंग त्यानं नोंदवला की संदेश येई.

‘मायवेव्ह्ज’ यापुढचा प्रश्न विचारतं : संदेश पाठवायचाच का? दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, अ‍ॅप हा निर्णय घेतं. त्यासाठी ते तीन गोष्टी बघतं. हा माणूस अलीकडे अ‍ॅपला कितपत प्रतिसाद देतोय, आत्ता सकाळ आहे की संध्याकाळ, आणि अलीकडे त्यानं ओढलाय का. यावरून संदेश पाठवायची शक्यता किती ठेवायची हे ठरतं, मग नाणेफेक. ती शक्यता कधी शून्यावर येत नाही की शंभर टक्क्यांवर जात नाही. कधीकधी मुद्दाम गप्प बसून पाहिल्याशिवाय, बोलण्यानं काही फरक पडला की नाही हे कळायचं कसं?

पहिल्या दिवशी अ‍ॅपला या मुलाबद्दल काहीच ठाऊक नसतं. म्हणून ते सुरुवातीला इतरांच्या अनुभवावर चालतं आणि त्याची स्वतःची उत्तरं जमत गेली की त्यांना जास्त वजन देतं. नव्या गावात बदली होऊन आलेला मास्तर पहिले दिवस गावाच्या रीतीनं वागतो आणि मग एकेका पोराची नस ओळखतो, तसंच.

सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. या यंत्राला गुण कशाचे मिळतात? गांजा कमी झाल्याचे नाही. त्या वेळची प्रश्नावली भरली, सोबतची छोटी कृती केली, किमान अ‍ॅप उघडून पाहिलं, याचे. तीस दिवसांत गांजाचं प्रमाण इतकं खालीवर होतं की एका संदेशाचं श्रेय त्यातून वेगळं काढता येत नाही. संवाद तुटला नाही तर बदलाला जागा राहते, एवढाच त्यामागचा विश्वास. मला तो पटतो. मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात काम करणारेही पुन्हा प्यायलेल्या माणसाला दार बंद करत नाहीत, ते याच समजुतीतून.

पण इथेच माझा एक पाय अडखळतो. ‘माणूस अ‍ॅपवर टिकला की गुण’ हे गणित काही नवं नाही. याच घराण्यातली सूत्रं २०१० मध्ये याहूच्या पहिल्या पानावर कुणाला कुठली बातमी दाखवावी यासाठी वापरून झाली होती. आज आपल्याला रात्री एक वाजेपर्यंत रील बघायला लावतात त्या यंत्रणाही प्रतिसादावरच पोसलेल्या आहेत. एक सवय सोडवायला दुसरीचं हत्यार वापरताना, प्रश्नावल्या भरणारे लोक खरंच कमी ओढतात का हे वेगळं आणि मोठ्या प्रमाणावर तपासावं लागेल. तीस दिवसांची ही छोटी चाचणी त्यासाठी पुरेशी नाही.

दुसरी शंका आपल्याकडच्या वाचकाला लगेच सुचेल. रोजची कबुली फोनमध्ये लिहून ठेवायची? अमेरिकेत सरकारी आरोग्यनिधीवर चालणाऱ्या अशा संशोधनाला गोपनीयतेचं संरक्षण असतं, सहभागींची ओळख उघड करायला संशोधकांवर सक्ती करता येत नाही. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली गांजा ओढणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याच कायद्यात ६४-अ हे कलमही आहे : व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला आणि ते पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हे कलम किती पालकांना माहीत असतं? तेव्हा कुठलंही परदेशी अ‍ॅप उतरवून घेऊन त्यात ग्रॅमचा हिशेब लिहिण्याआधी १४४४६ ही व्यसनमुक्तीची किंवा १४४१६ ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन गाठलेली बरी. पलीकडे माणूस बोलतो.

पुढच्या भागात : मधुमेहाचा सेन्सर आणि त्याची सतत वाजणारी घंटा.