मोहरेवरचे गाव

मुघल मोहर हाती आली की जाणकार संग्राहक बादशहाच्या नावावर थांबत नाही, तो टांकसाळीचे गाव शोधतो. वजन साधारण 11 ग्रॅम, सोने जवळपास शुद्ध; पण दुर्मिळता बरेचदा गावावर ठरते. आग्रा, लाहोर या टांकसाळी मोठ्या. काही गावांना पदव्याही होत्या: सुरत ‘बंदर-ए-मुबारक’, औरंगाबाद ‘खुजिस्ता बुनियाद’. ठसा बहुधा नाण्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे गावाचे नाव कडेला अर्धवट कापले जाई. ते पूर्ण उमटलेले नाणे म्हणूनच मोलाचे.

सर्वांत देखणे उदाहरण मला असीरगडाचे वाटते. बुऱ्हाणपूरजवळचा हा किल्ला 1601 मध्ये अकबराला मिळाला आणि त्या विजयाची मोहर निघाली, तिच्यावर चक्क ससाणा! अक्षरांनीच भरलेल्या नाण्यांमध्ये तो पक्षी पाहून मन हरखते.

दागिन्यासाठी कडी जोडलेली किंवा भोक पाडलेली मोहर संग्रहाच्या दृष्टीने उतरते. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत धन सापडले, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.