दामदुपटीपासून ट्रिगरपर्यंत

संगमेश्वर तालुक्यातील बागायतदाराचे कर्ज आणि आंब्याचा विमा ज्या कायद्यांवर उभे आहेत, त्यांची सुरुवात ऋणकोच्या बाजूने झाली होती. १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जरोख्यामागचा सगळा व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयावर सोपवले. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या ४ जिल्ह्यांपुरताच होता, संगमेश्वरचा रत्नागिरी जिल्हा बाहेर राहिला. १९१८ च्या कायद्याने जाचक व्याजाचा हिशेब पुन्हा मांडण्याची मुभा न्यायालयांना दिली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात दामदुपटीची जुनी मर्यादा आली: व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येणार नाही.

हा सारा बंदोबस्त मुख्यतः सावकारासाठी होता. मोठा धनको आला तसा कायदा सैल झाला. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात कलम २१अ घातले गेले आणि केवळ व्याज जास्त आहे म्हणून बँकेचा हिशेब उघडण्यास न्यायालयांना मनाई झाली. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस दिली की बँक दिवाणी न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ शकते. शेतजमीन त्यातून वगळली आहे. बाजारपेठेतले गहाण दुकान किंवा राहते घर नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातून बँका वगळल्या आहेत. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांनाही राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले. म्हणजे सर्वांत कडक कायदा उरला तो सर्वांत लहान धनकोला.

कर्ज थकवणारी कंपनी असेल तर गोष्ट वेगळी. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली तिचे प्रकरण न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले की सरफेसीची कारवाईही थांबते. त्याच संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग २०१९ मध्ये लागू झाला, पण तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता.

विम्यातला मोठ्या पक्षाकडचा कल कमी उघड, पण तितकाच पक्का आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात सहसा बागेची पाहणी होत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर अवेळी पाऊस, नीचांकी वा उच्चांकी तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले तरच ‘ट्रिगर’ लागतो आणि भरपाई मिळते. पंचनाम्याचा घोळ टळतो, हे खरे. पण सह्याद्रीच्या पायथ्यापासून शास्त्री नदीच्या खाडीकडे उतरणाऱ्या या तालुक्यात एकाच मंडळातल्या दोन वाड्यांचे हवामान सारखे नसते. मोहोर गळाला आणि केंद्रावर नोंद झाली नाही, तर करारानुसार नुकसानच झालेले नसते. २०२० च्या खरिपापूर्वी पीककर्ज घेणाऱ्याला हा विमा सक्तीचा होता, त्यामुळे हप्ता कर्जाच्या खात्यातूनच कापला जाई. आता तो ऐच्छिक आहे. प्रत्यक्ष पाहणीची सोय मुख्यतः गारपिटीसाठी आहे. गारपिटीचे संरक्षण जादा हप्ता भरून वेगळे घ्यावे लागते आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते.