सिंक टिप लाइन कशी निवडायची? आधी सेकंद मोजा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बहुतेक जसंच्या तसं.)

मागच्या भागात आपण तरंगत्या लाइनबद्दल बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "सिंक टिप घ्यायचीय, पण दुकानात दहा प्रकार दिसतात. टाइप ३, टाइप ६, टी-८, टी-१४. कुठली घेऊ?" आज फक्त तेवढंच.

नवीन श्रोत्यांसाठी आधी दोन वाक्यं. फ्लाय म्हणजे पिसं आणि केस बांधून केलेलं खोटं आमिष. तिला वजन जवळजवळ नसतंच, म्हणून आपण खरं तर लाइन फेकतो आणि फ्लाय तिच्या मागोमाग जाते. सिंक टिपमध्ये मागची लाइन तरंगते आणि टोकाचा दहा-पंधरा फुटांचा भाग बुडतो. त्या भागाच्या आवरणात टंगस्टनची पूड असते.

मग सगळीच लाइन बुडणारी का नको? तळ्यात ती उत्तम चालते. वाहत्या नदीत मात्र लाइन पाण्याखाली गेली की तिच्यावर आपला ताबा राहत नाही. मागचा भाग तरंगता असेल तर तो रॉडने उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवता येतो. याला 'मेंड' म्हणतात. मेंड केला की प्रवाह लाइनला ओढत नाही आणि टोकाला बुडायला वेळ मिळतो. 'वेळ' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तोच लागणार आहे.

आता खोक्यावरचे आकडे. 'टाइप'पुढचा आकडा म्हणजे टोक सेकंदाला साधारण किती इंच बुडतं. टाइप ३ म्हणजे ३ इंच, टाइप ६ म्हणजे ६ इंच. 'टी'चा हिशोब वेगळा आहे. तिथे आकडा वजनाचा असतो, दर फुटाला किती ग्रेन. १० फुटी टी-८ म्हणजे ८० ग्रेन, साधारण ५ ग्रॅम. १० फुटी टी-१४ म्हणजे १४० ग्रेन, ९ ग्रॅम. टी-१४ सेकंदाला साधारण ८ ते ९ इंच बुडते. म्हणजे टी-१४ ही टाइप ६ च्या दुपटीहून जास्त खोल जाते असं अजिबात नाही. हा गोंधळ मी स्वतः घातलाय.

ती गोष्ट सांगतो. मी वॉशिंग्टन राज्यात राहतो. इथे स्कॅजिट नावाची नदी आहे. कॅनडात उगम पावते आणि प्युजेट साउंडला मिळते. आखूड, जाडजूड अशा ज्या लाइनला जगभर 'स्कॅजिट हेड' म्हणतात, तिचं नाव या नदीवरून पडलंय. इथला मासा स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन परत येणारा रेनबो ट्राउट. आता तो फार कमी उरलाय. २००७ पासून प्युजेट साउंडचा स्टीलहेड संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या यादीत आहे. मोसम उघडलाच तर वर्षाला जेमतेम चार-पाच दिवस माझ्या वाट्याला येतात.

अशा एका मार्चमध्ये मी दोन तास गाडी चालवून नदीवर पोचलो. डोक्यात एकच सूत्र: मासा खाली, म्हणजे टोक जेवढं जड तेवढं बरं. लावली टी-१४. दुपारपर्यंत पाच फ्लाय दगडांत गेल्या. सहाव्या वेळी टोकसुद्धा तुटलं. खालच्या बाजूला एक वयस्कर गृहस्थ मासेमारी करत होते. ते जवळ आले आणि मला एवढंच म्हणाले, "तू जिथे फेकतोयस तिथे पाणी कमरेएवढं आहे. मासा तळाला चिकटून बसत नाही. आणि तो वर बघतो."

त्यांनी मला त्यांच्याकडची टी-८ दिली, कोन थोडा बदलायला सांगितला. एकदाही अडकलं नाही. मासा लागला का? नाही. पण त्या तीन तासांत फ्लाय खऱ्या अर्थाने पोहली. सकाळचे चार तास ती नुसती दगडं चाचपत होती. वर्षातल्या चार दिवसांपैकी अर्धा दिवस मी नदीच्या तळाला देऊन आलो होतो.

घरी येऊन कागदावर हिशोब केला, तो तुम्हीही करा. समजा फ्लाय ३ फूट खाली न्यायचीय, म्हणजे ३६ इंच. प्रवाह सेकंदाला ३ फूट, रमतगमत चालण्याचा वेग. टाइप ३ ला १२ सेकंद लागतील, तेवढ्यात पाणी तिला ३६ फूट पुढे नेईल. टाइप ६ ला ६ सेकंद, १८ फूट. टी-१४ ला साधारण साडेचार सेकंद, साडेतेरा फूट. बघा, टाइप ३ आणि टाइप ६ यांत १८ फुटांचा फरक, पण टाइप ६ आणि टी-१४ यांत जेमतेम साडेचार फुटांचा! तेवढं अंतर एका चांगल्या मेंडने किंवा दोन पावलं वर सरकून भरून निघतं.

हे आकडे स्थिर पाण्यातले, हेही लक्षात असू द्या. लाइन ताणली गेली की टोक बुडायचं थांबतं आणि वर उचललं जातं. म्हणून टोक बदलण्याआधी कोन बदला. प्रवाहाच्या दिशेला तिरपं, ४५ अंशांत फेकलं तर लाइन लगेच ताणते आणि फ्लाय वर राहते. सरळ समोर, ९० अंशांत फेकून मेंड केला तर तीच टिप बरीच खाली जाते.

माझे मामा कोकणात खाडीत पाग टाकायचे. पागाच्या घेराला शिसं किती लावायचं यावर घरात वाद व्हायचे. कमी लावलं तर जाळं बसायच्या आत मासा निसटतो, जास्त लावलं तर खडकात जाळं फाटतं आणि हातही भरून येतात. मामा नवीन जागी गेले की आधी काठी घालून पाणी बघायचे. तेच इथे करायचं.

मग निवड कशी करायची? कमरेएवढं, संथ पाणी असेल तर इंटरमीडिएट किंवा टाइप ३. छातीएवढं, चालण्याच्या वेगाचं पाणी असेल तर टाइप ६ किंवा टी-८. खोल, जोरदार पाणी, किंवा बर्फ वितळून नदी फुगलेली असेल तरच टी-११, टी-१४. पहिली एकच घ्यायची असेल तर १० फुटी टी-८ घ्या. पाच-दहा वेळा फेकून एकदाही तळाला स्पर्श झाला नाही तर एक पायरी जड जा. प्रत्येक वेळी अडकत असेल तर एक पायरी हलकं व्हा.

आणखी दोन गोष्टी. जड टोक उचलायला मागचं हेडही तेवढं जड लागतं. ५०० ग्रेनच्या आसपासचं हेड असेल तर टी-८, टी-११ आरामात जातात. हलक्या हेडला टी-१४ लावली तर ती हवेत कोसळते आणि कधी कधी तुमच्या कानावर येते. दुसरं, लीडर आखूड ठेवा, ३ ते ४ फूट. ९ फुटी लीडर लावला तर टिप खाली जाते आणि फ्लाय वर तरंगते. मग टिपेवर पैसे कशाला घालवले?

शेवटचं. नदीवर जायच्या आधी त्या वर्षीचे नियम वाचा, मोसम मध्येच बंद होऊ शकतो. सोडून द्यायचा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण उचलायला या राज्यात मनाई आहे, फोटोसाठीसुद्धा. पाण्यातच गळ काढा.

तर पुढच्या वेळी दुकानात उभे राहिलात की आधी आपली नदी डोळ्यांसमोर आणा: पाणी किती खोल, वेग किती, बुडायला किती सेकंद मिळणार. कुठली टिप घ्यायची ते त्यातच कळेल. पुढच्या भागात मेंड कसा करायचा ते बोलू. तोवर भेटूया, नदीकाठी.